गोष्ट निकाहपाशी संपत नाही

शाळेच्या ग्रंथालयाची चावी यंदा माझ्याकडे आहे. ग्रंथालय म्हणजे शिक्षकखोलीतली तीन कपाटं, त्यातल्या एकाचं दार लागत नाही. शनिवारी शाळा सुटायच्या आधी अर्धा तास मी ती उघडते आणि मुली रांग लावतात. मागच्या महिन्यात नववीतली एक मुलगी जाडजूड कादंबरी परत करायला आली. इंग्रजीवरून मराठीत आणलेली, कोपरे झिजलेली. दोनशे वर्षांपूर्वीचा कुणी विलायती उमराव, त्याला शोभेल अशी बायको हवी आहे. खानदानी, देखणी, पियानो वाजवणारी, उलट न बोलणारी. तो यादी करतो, एकेका हवेलीत जाऊन मुली बघतो आणि शेवटी यादीत नसलेल्या मुलीशीच लग्न करतो. चर्चची घंटा वाजते, पुस्तक संपतं.

मी वहीत तिच्या नावापुढे 'जमा' लिहीत होते. ती म्हणाली, "टीचर, अशी गोष्ट आपल्यात नाही का? म्हणजे आपला नवाब, आपली बेगम?"

"आहे की," मी म्हटलं. "आणि लखनौ-दिल्लीची नाही, आपल्या कोकणातली आहे. मुरुड-जंजिऱ्याची." दोन-चार वाक्यांत तिला सांगितलं. नवाब कोण, बेगम कुठल्या घरातली, लग्न कसं थाटाचं असेल. तेवढ्यात घंटा झाली. दप्तर उचलून ती दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "मग पुढे काय झालं त्यांचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तिला तेव्हा दिलं नाही. गोराई डेपोपर्यंत चालत येताना तो प्रश्न माझ्याबरोबर आला. म्हणून या महिन्याचं हे पान त्या मुलीसाठी, आणि घरात लग्नाची मुलं-मुली असलेल्या आपल्या सगळ्यांसाठी.

आता गोष्ट. जंजिऱ्याचा किल्ला आपण सहलीत पाहिलेला असतो. समुद्रात उभा, शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही न मिळालेला. तिथे राज्य करणारे सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी वंशाचे. इंग्रजांच्या काळात हे छोटं संस्थान मुरुडहून चालायचं. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा हा सगळा त्यांचाच मुलूख. १८७९ मध्ये सिद्दी अहमद खान गादीवर आले. मुरुडला समुद्राकडे तोंड करून जो राजवाडा उभा आहे, तो याच घराण्याचा. गारंबीचं पाणी मुरुडला आलं तेही याच नवाबाच्या काळात. नवाब शिकलेले होते आणि त्यांना शोभेशी बेगम हवी होती.

ती मिळाली मुंबईच्या फैजी घराण्यात. हे घराणं म्हणजे सुलेमानी बोहरा, बद्रुद्दीन तय्यबजींच्या नात्यातलं. तेच तय्यबजी, जे १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुलींचे वडील हसनअली व्यापारी, त्यांचा व्यापार इस्तंबूलपर्यंत पोचलेला. तीन बहिणी: जोहरा, नाजली आणि अतिया. मुस्लिम घरातल्या मुलींना अक्षरओळख तरी द्यावी की नाही यावर वाद चालू होता, त्या दिवसांत या मुली उर्दू लिहायच्या, इतर भाषा शिकायच्या. तय्यबजींच्या गोतावळ्यात तर घरोघरी 'अखबार'ची वही ठेवलेली असायची. घरातल्या कुणीही, बायकांनीसुद्धा, तीत दिवसाची हकिकत लिहायची.

मधली बहीण नाजली. १८७४ चा जन्म. १८८० च्या दशकात, आजच्या हिशेबाने शाळेत असायच्या वयात, तिचा निकाह नवाबाशी झाला. नवाब सुन्नी, मुलगी बोहरा घरातली. आज आपण एवढ्यावरून स्थळ मोडतो. तेव्हा दोन्ही घरांनी मोडलं नाही.

कादंबरी असती तर इथे संपली असती. नाजली रफिया बेगम जंजिऱ्याच्या राणी झाल्या. मुरुडच्या वाड्यावर धाकटी अतियाही असायची. ही अतिया १९०६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेली, कशासाठी माहीत आहे? शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला. माझ्यासारखीने बी.एड. केलं ते रिक्षा-बस बदलत. ही बाई एकशे वीस वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून गेली. अभ्यासक्रम पुरा न करता पुढच्याच वर्षी ती परतली, पण तिथली तिची रोजनिशी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वाँ' या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापून येत राहिली. लंडनमध्येच १९०७ मध्ये तिची आणि इक्बालांची ओळख झाली. १९०८ मध्ये नवाब, बेगम आणि अतिया युरोपच्या प्रवासाला गेले, आणि त्या प्रवासावर नाजली बेगमनी स्वतः उर्दूत पुस्तक लिहिलं, 'सैर-ए-यूरोप'. बेगम खानदानी, शिकलेली, परदेशातल्या बड्या लोकांत उठबस करू शकणारी. यादीतल्या एकेका गोष्टीपुढे बरोबरची खूण करावी अशी.

फक्त एक गोष्ट झाली नाही. मूल झालं नाही.

१९१३ मध्ये, पंचवीसेक वर्षांच्या संसारानंतर, नाजली बेगमचा तलाक झाला. नवाबांनी दुसरा निकाह केला होता. दुसऱ्या बेगम कुलसुम यांना १९१४ मध्ये मुलगा झाला, संस्थानाला वारस मिळाला. १९२२ मध्ये नवाब वारले तेव्हा तो वारस आठ वर्षांचा होता. मग १९३३ पर्यंत राज्याचा कारभार कुणी पाहिला? कुलसुम बेगमनी. वारस देण्यासाठी आणलेल्या बाईनेच अकरा वर्षं संस्थान चालवलं. राज्य चालवता येईल का, हा प्रश्न तिला बघताना कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

नाजली बेगम धाकट्या बहिणीकडे राहिल्या. अतियाने चित्रकार सॅम्युअल रहमीन यांच्याशी निकाह केला होता. ते पुण्याचे, बेने इस्रायली. लग्नासाठी मुसलमान झाले. नवऱ्याने बायकोचं आडनाव आपल्या नावात घेतलं आणि दोघंही फैजी-रहमीन झाली. फाळणीनंतर ही मंडळी कराचीला गेली. अतियाचे शेवटचे दिवस तिथे हलाखीत गेले, ती १९६७ मध्ये वारली. नाजली बेगम तिच्यामागून, १९६८ मध्ये. मुरुडची राणी मुरुडपासून इतक्या लांब.

तुम्ही म्हणाल, एका नवाबाचं झालं. मग मराठवाड्यातल्या बहिणींना ठाऊक असलेलं दुसरं उदाहरण घ्या. हैदराबादचे निजाम उस्मान अली खान यांना दोन मुलांसाठी सुना हव्या होत्या. दौलत अफाट, तेव्हा कमी होती ती घराण्याच्या उंचीची. उस्मानी खलिफा अब्दुल मजीद १९२४ मध्ये पदच्युत होऊन फ्रान्समध्ये निर्वासितासारखे राहत होते, निजाम त्यांना तनखा पाठवत. मौलाना शौकत अलींनी मध्यस्थी केली. १२ नोव्हेंबर १९३१ ला फ्रान्समधल्या नीस शहरात थोरल्या शहजाद्याचा निकाह खलिफांची मुलगी दुर्रुशेहवारशी आणि धाकट्याचा त्यांच्या नात्यातल्या निलोफरशी झाला. एकीचं वय सतरा, दुसरीचं पंधरा. डिसेंबरमध्ये नव्या सुना बोटीने मुंबईला उतरल्या. गोलमेज परिषदेहून परतणारे गांधीजीही त्याच बोटीवर होते.

दुर्रुशेहवारना दोन मुलगे झाले. निलोफरना मूल झालं नाही. १९४८ मध्ये नवऱ्याने दुसरी बायको केली, १९५२ मध्ये तलाक झाला. सांगतात की त्यांच्याजवळची एक बाई बाळंतपणात दगावली, तेव्हा निलोफरनी बायका-मुलांसाठी दवाखाना हवा असा आग्रह धरला. आज हैदराबादला निलोफर रुग्णालय आहे. जिला स्वतःचं मूल नव्हतं तिच्या नावाच्या इमारतीत रोज परक्यांची बाळं जन्मतात आणि बरी होतात. खुलताबादजवळ खलिफांसाठी बांधलेला मकबराही आहे, पण तो रिकामाच राहिला. त्यांना मदीनेत दफन केलं.

आता घरची गोष्ट. हे लिहावं की नाही याचा दोन रात्री विचार केला.

लग्न झालं तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. सासर गोराईत, बैठ्या घरांच्या रांगेत, एका भिंतीला दोन संसार. वर्ष गेलं, तीन गेली, सात गेली. अशा रांगेत कुणाच्या घरात काय शिजलं ते सगळ्यांना कळतं, आणि काय शिजलं नाही तेही. पाण्याच्या वेळेला नळावर, ईदच्या शिरखुर्म्यावर, दुसऱ्यांच्या बारशाला-अकीक्याला एकच प्रश्न. आठव्या वर्षी नात्यातली एक वडीलधारी बाई आमच्या अम्मींकडे, म्हणजे सासूबाईंकडे, थेट स्थळ घेऊन आली. मुलगी गरीब घरची, दुसरेपणावर द्यायला तयार. "शरियतमध्ये परवानगी आहे," असंही म्हणाली. मी आत कांदा चिरत होते, म्हणजे डोळ्यांना निमित्त होतं.

अम्मी चौथीसुद्धा शिकलेल्या नाहीत. पण त्यांनी जे उत्तर दिलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. म्हणाल्या, "मी सून आणलीय गं, कोंबडी नाही आणली. अंडं दिलं नाही म्हणून बदलायला." आणि चहाचे कप उचलून आत आल्या. मला काही बोलल्या नाहीत. "मीठ कमी घाल, तुझ्या सासऱ्यांचं प्रेशर वाढलंय," एवढंच.

आम्हाला मूल झालं नाही. अल्लाहच्या मर्जीने संसार झाला, चांगला झाला. कुरआनच्या सूरे शूरामध्ये सांगितलंच आहे की तो कुणाला मुली देतो, कुणाला मुलगे, कुणाला दोन्ही आणि कुणाला अपत्य देत नाही. हे देणं-न देणं त्याने स्वतःकडे ठेवलं आहे, सुनेच्या पदरात घातलेलं नाही. आणि ज्यांना आपण उम्मुल मोमिनीन म्हणतो, सगळ्या मोमिनांची आई, त्या हजरत आयेशा (रजि.) यांना स्वतःचं मूल नव्हतं. हे आपल्याला पाठ असतं, पण बारशाच्या दिवशी आठवत नाही.

अशी मी. मला वाटायचं, माझ्या हातून तरी कुठल्या मुलीला त्या तराजूत घालणं होणार नाही. पण झालं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या आपाच्या मुलासाठी आम्ही मुलगी बघायला मीरा रोडला गेलो. भाचा आखातात नोकरीला, पगार चांगला, त्यामुळे आपाची यादी लांबलचक. रंग उजळ हवा, उंची बेताची, एकच भाऊ असेल तर बरं, शिकलेली हवी पण फार नको. मी यादीवर हसले होते. मुलगी फार्मसी शिकलेली, औषधांच्या दुकानात कामाला होती. ट्रे घेऊन आली, सलाम केला, बसली. आपाने स्वयंपाकाचं विचारलं. मग मी, शिकलेली मावशी म्हणून, विचारलं, "लग्नानंतर काम करायचा विचार आहे का?" प्रश्न साधा आहे. पण कसा विचारला ते मला ठाऊक आहे. वर्गात आपण असा प्रश्न विचारतो ज्याचं एकच उत्तर चालणार असतं, आणि मुलांनाही ते कळतं. तसा विचारला.

तिने आवाज न चढवता विचारलं, "तुम्ही त्यांनाही विचारलंत का, लग्नानंतर काम करणार का म्हणून?"

खोलीत कुणी काही बोललं नाही. तिची अम्मी घाईने वडे पुढे करायला लागली. परतताना गाडीत आपा म्हणाली, "मुलगी तोंडाळ आहे." आणि मी, नळावरचे सगळे प्रश्न झेललेली मी, म्हणाले, "हो, जरा तशीच वाटली." नकार माझ्याच मोबाईलवरून गेला. कारण लिहिलं, इस्तिखारा जुळला नाही. इस्तिखारा कुणीच केला नव्हता. स्वतःच्या नापसंतीवर अल्लाहचं नाव लावून पाठवलं, याची लाज मला आजही वाटते.

नववीतल्या मुलीने "पुढे काय झालं?" विचारलं तेव्हा मला आधी नाजली बेगम आठवल्या, आणि बसस्टॉपपर्यंत येईस्तोवर ही फार्मसीवाली मुलगी. नवाबाला आपण नावं ठेवतो. पण नवाबाकडे निदान गादी होती, वारस नसला तर राज्याचं काय हा प्रश्न होता. आमच्याकडे दीडशे चौरस फुटांची खोली आणि आखाताचा व्हिसा. तरी यादी तीच.

मी शिक्षिका आहे, म्हणून उपदेशाची सवय आहे. तो टाळते. पण तीन व्यवहाराच्या गोष्टी मला सांगायच्या आहेत.

पहिली. निकाहसाठी मुलीत लोक काय बघतात, त्या चार गोष्टींची हदीस आपल्या सगळ्यांना माहीत आहे: दौलत, खानदान, रूप आणि दीन. त्यातल्या दीनदारीला पसंती द्या, असं प्यारे नबी (स.) यांनी सांगितलं. आपण पहिल्या तीन गोष्टी बघतो आणि चौथीचा उच्चार करतो. आणि ही कसोटी मुलाला लावत नाही. हजरत खदीजा (रजि.) यांनी स्वतः निरोप पाठवून आपला जोडीदार निवडला होता. बघायचा हक्क एकाच बाजूला आहे, हे आपण कुठून आणलं?

दुसरी. निकाह हा करार आहे, आणि करारात अटी घालता येतात. या विषयावर इंग्रजीत ज्यांचा ग्रंथ कायद्याचे विद्यार्थी वाचत आले, ते आसफ अली असगर फैजी याच फैजी घराण्यातले. १८९९ मध्ये माथेरानला जन्मलेले. निकाहनाम्यात शिक्षण पुरं करू देण्याची, नोकरीची, राहण्याच्या जागेची अट लिहिता येते. नवऱ्याने दुसरा निकाह केला तर स्वतःला मोकळं करून घेण्याचा अधिकार मुलीला आधीच देऊन ठेवता येतो. आपण मात्र काझीसाहेबांसमोर कागदावर मेहरचा आकडा टाकतो, तोही बहुतेक वेळा 'चलतं तेवढा', आणि उरलेल्या जागेवर रेघ मारतो. पुढच्या वेळी रेघ मारण्याआधी मुलीला एकदा विचारा. जाणत्या वकिलाला किंवा आलिमांना दाखवून लिहा. यात कुणाचा अपमान नाही. मोठ्या शहजाद्यांच्या लग्नातही मेहरवर बोलणी झाली होती.

तिसरी. मूल होत नसेल तर तपासणी दोघांची करा, आणि पहिल्या दिवशीच दोघांनी मिळून जा. डॉक्टर सांगतात की अडचण नवऱ्याकडे असण्याचं प्रमाण काही थोडंथोडकं नसतं. आमच्या वेळी सहा वर्षं फक्त माझ्याच तपासण्या झाल्या. नवऱ्याची तपासणी ऐकायलासुद्धा घरातले पुरुष तयार नव्हते. शेवटी अम्मीच म्हणाल्या, "दोघांचं आहे ना ते, मग दोघंही जा." त्या बाईंना शाळा मिळाली असती तर काय झालं असतं, याचा मी अनेकदा विचार करते.

मागच्या शुक्रवारी मी धीर करून मीरा रोडच्या त्या मुलीच्या अम्मीला फोन लावला. ओळख सांगितली. म्हटलं, इस्तिखाऱ्याचं मी खोटं लिहिलं होतं, मला माफ करा. पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या म्हणाल्या, "तुमचा मेसेज आल्यावर लेक आठ दिवस कुणासमोर बसायला तयार नव्हती. मी तिलाच ओरडले, कशाला बोललीस म्हणून." त्यांचा आवाज जरा भरून आला. "आता बरं आहे. निकाह झाला मागच्या रबीउल अव्वलमध्ये. दुकान चालवते, नवरा सोबत असतो." मी मुबारकबाद दिली. "तिला सांगा, तिने विचारलं ते बरोबर होतं." "सांगते," त्या म्हणाल्या. "पण तिच्यापेक्षा तुमच्या भाच्याला सांगा."

सांगितलं. भाचा सुट्टीवर आलेला आहे. आपाची यादी अजून आहे, पण तीत त्याने स्वतः एक ओळ घातली आहे: आधी मुलीचे प्रश्न ऐकायचे. आपा चिडलेली आहे. बघू.

शनिवारी मी कपाट उघडलं तेव्हा ती नववीतली मुलगी पुन्हा रांगेत होती. मधल्या सुट्टीत तिला बाकावर बसवून सगळं सांगितलं. नाजली बेगम, कुलसुम बेगम, निलोफर, बोट, दवाखाना. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "टीचर, त्या बेगमनी युरोपचं पुस्तक लिहिलं म्हणालात ना. ते आपल्या कपाटात आहे?"

नाही, मी म्हटलं. उर्दूत आहे, जुनं आहे. शोधते. मिळालं तर सुट्टीत दोघी मिळून थोडं थोडं मराठीत उतरवू.

तिने वहीत दुसरं पुस्तक घेतल्याची सही केली आणि गेली. वाचक बहिणींनो, कुणाच्या घरी, कुणाच्या नानीच्या पेटीत 'सैर-ए-यूरोप'ची प्रत असेल, तर संपादकांच्या पत्त्यावर कळवा. अल्लाह आपल्या लेकींना त्यांच्या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं देवो. आमीन.